जावक झालेलं गाऱ्हाणं

निवृत्त माणसाने काय करावं याबद्दल आमच्या वाडीत दोनच मतं आहेत. एक, काजूची कलमं लावावीत. दोन, शेजाऱ्याशी हद्दीच्या दगडी गडग्यावरून भांडावं. पहिल्याला कष्ट पडतात आणि दुसऱ्याला वकील लागतो, म्हणून मी तिसरंच काहीतरी करायचं ठरवलं. मी चांगलं जगायचं ठरवलं. यात कोणाला त्रास व्हायचं काही कारण होतं का, तुम्हीच सांगा.

तालुक्याच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर माझी बत्तीस वर्षं गेली. सगळे मला भाऊसाहेब म्हणतात ते त्या टेबलामुळे. माझं खरं नाव दत्तप्रसाद, पण ते आता फक्त पेन्शनीच्या कागदावर आणि देवाच्या कानावर असतं. त्या टेबलावरच्या माणसाला 'नाही' म्हणता यावं लागतं आणि ते लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. तोंडावर नाही म्हणणारा कारकून कच्चा. 'बघू', 'साहेब दौऱ्यावर आहेत', 'नकाशा जोडलेला दिसत नाही', 'सोमवारनंतर या' अशी त्याची नाना रूपं आहेत आणि ती सगळी माझ्या जिभेपुढे पाणी भरत. निरोपसमारंभात साहेबांनी माझा गौरव केला तेव्हा मागे उभ्या असलेल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. त्या मी जातोय म्हणून वाजवल्या, असं यशोदेचं मत पडलं. यशोदा म्हणजे माझी बायको. तिची मतं कमी असतात, पण पडतात ती नेमकी पायावर.

तर निवृत्त झालो आणि फणसाच्या लाकडाची एक आरामखुर्ची करवून घेतली. ती पडवीत, खाडी दिसेल अशी मांडली आणि वाचनालयातून तत्त्वज्ञानाची जाडजूड पुस्तकं आणायला लागलो. ती पुस्तकं माझ्याआधी कोणी नेलेली नव्हती, त्यामुळे पानं कापायला सुरी घेऊन बसावं लागे. चांगलं आयुष्य कशाला म्हणावं यावर जगातल्या थोर माणसांनी केवढा काथ्याकूट केलाय. ग्रीकांतला एक पंथ म्हणतो, सुखात जगा, पण बेताने. दुसरा म्हणतो, डोक्यावर डोंगर कोसळला तरी भुवई हलू देऊ नका. जर्मनांचं म्हणणं, कर्तव्य करा, आणि करताना मजा वाटायला लागली तर काहीतरी चुकतंय असं समजा. आपल्याकडचे तर म्हणतात, जगताय हाच मुळात तुमचा गैरसमज. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. बत्तीस वर्षं तेच केलं होतं. आणि मग त्यांचा मिळून एक गोषवारा काढला: जे समोर येईल ते हसतमुखाने स्वीकारायचं. कुरकुर नाही, वाद नाही, नकार नाही.

हा गोषवारा मी यशोदेला वाचून दाखवला. ती कोकमाची सोलं वाळत घालत होती. तिने वळून न बघता सांगितलं, "जा येतला ता घेतलास तर शिळे बांगडे घरात येतले. बाजारात तुम्ही जाव नकात." मी भुवई हलू दिली नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. चूक झाली ती मी दाजीला सांगितलं तिथे. दाजी आमचा शेजारी आणि गावच्या बारा-पाच मानकऱ्यांतला मुख्य. ग्रामदैवत रवळनाथासमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. आमच्याकडे माणूस देवाशी परस्पर बोलत नाही. दाजीसारख्या जाणत्याने ते रीतसर मांडायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हणून त्यावर शिक्का मारायचा, ही पद्धत. होडी पाण्यात घालताना, विहीर खणताना, पोराला बोर्डाच्या परीक्षेला बसवताना, एवढंच काय, पलीकडच्या धोंडूने रंगीत टीव्ही आणला तेव्हासुद्धा गाऱ्हाणं झालं होतं. दाजीने माझं तत्त्वज्ञान शांतपणे ऐकलं, पान जुळवलं आणि म्हणाला की होडीचं गाऱ्हाणं होतं आणि तुम्ही आख्खं आयुष्य नव्याने सुरू करताय ते तसंच कसं चालेल. मला मनातून बरं वाटलं. कागद वरिष्ठांच्या नजरेखालून गेलेला बरा असतो.

हरिनाम सप्ताहाच्या समाप्तीला, महाप्रसादाच्या आधी, गाऱ्हाणं ठरलं. सगळा गाव देवळात. आत भाताची आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याची वाफ सुटलेली, माणसं भुकेली, त्यामुळे 'व्हय महाराजा' त्या दिवशी नेहमीपेक्षा जोरात चाललं होतं. पावसाचं झालं, मासळीचं झालं, मुंबईच्या चाकरमान्यांचं झालं, मग दाजीने मला पुढे घेतलं. मी हात जोडून उभा. आदल्या संध्याकाळी मी त्याला तासभर समजावलं होतं की स्वीकार म्हणजे आतल्या आत करायची गोष्ट, बाहेरच्या व्यवहाराशी त्याचा संबंध नाही. दाजीने मान डोलावली होती. आता कळतं, ती झोपेने डोलत होती.

"बा देवा रवळनाथा," दाजीचा आवाज घुमला, "आज ह्यो तुझो दत्तप्रसाद तुझ्या पायाकडे इलो हा. आजपर्यंत कचेरीत बसान ह्येना सगळ्यांका 'नाय' म्हटल्यान. आजपासून ह्यो कोणाकच 'नाय' म्हणूचो नाय. कोण काय मागात ता देतलो, कोण काय सांगात ता करतलो. ह्येच्या तोंडात सदा 'व्हय' ऱ्हवांदे, रे महाराजा."

"व्हय महाराजा."

सप्ताहभर एवढा गजर झाला नव्हता. मागच्या रांगेतल्या काहीजणांनी दोनदा म्हटलं. मी दाजीच्या कानाशी लागून कुजबुजलो की अरे, मजकूर चुकला. त्यावर तो म्हणाला, आता गेला तो गेला, देवाकडे पोचला. आणि खरं सांगायचं तर मला यावर बोलायला तोंड नव्हतं. जावक क्रमांक पडलेला कागद परत मागायला येणाऱ्या माणसांना मी काय सांगत असे ते मला चांगलं आठवत होतं.

माझं जेवण व्हायच्या आत पहिला अर्ज आला. पत्रावळीवर भात वाढताना धोंडूने शिडी मागितली. धोंडू माझा पलीकडचा शेजारी. नारळांचा आणि मासेमारीचा बारीकसारीक धंदा करतो आणि स्वतःची शिडी विकत घ्यायची नाही हे त्याचंही एक तत्त्वज्ञान आहे. शिडी दिली. दुसऱ्या दिवशी जाळी वाळत घालायला पडवी मागितली, ती दिली. मग त्याच्या बापाची कंबर धरली होती म्हणून आरामखुर्ची मागितली. तीही गेली. जगातल्या तत्त्वज्ञांनी मनुष्याला बरंच काही सोसायला सांगितलंय, पण त्यांच्यापैकी कोणी उभ्याने सोसलं होतं असं मला वाटत नाही.

मग नर्मदा आली. ही धोंडूच्या पलीकडची, मालवणच्या बाजारात मासे विकते, आणि तिच्याशी घासाघीस करून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचाय. तिने वाडीच्या राखणदार देवाला नवस बोललेला एक कोंबडा होता. तो शिमग्यापर्यंत सांभाळायचा होता आणि तिच्या घरी मांजरं फार. कोंबडा माझ्याकडे आला. देवाचा म्हणून त्याला हाकलता येत नाही, ओरडता येत नाही, आणि हे त्याला कोणीतरी सांगितलेलं असावं. तो सकाळी उठून पडवीतून आतल्या खोलीपर्यंत साहेबांसारखी फेरी मारी, माझ्या पुस्तकावर चढे आणि तिथे जे काही करायचं ते करून जाई. त्या थोर जर्मनाची त्याने सगळ्यात जास्त खराबी केली. वाचनालयाला ती पानं दाखवायची हिंमत माझ्यात अजून आलेली नाही.

मागणं वाढत गेलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात रांगोळीचा परीक्षक, बालवाडीला गोष्ट सांगायला, कोणाच्या तरी मुंजीला पंगतीत वाढायला. एकदा तारकर्लीकडे जाणारी पुण्याची एक गाडी दाराशी थांबली आणि त्यातल्या बाईंनी काच खाली करून इथे कुठे घरगुती जेवण मिळेल का विचारलं. गडग्यापलीकडून धोंडू बघत होता. मी म्हटलं, होय, इथेच. आठ माणसं पडवीत, जाळी बाजूला सारून जेवली. यशोदेने बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी केली, त्या बाईंनी तिखल्याची कृती लिहून घेतली आणि त्यांच्या लहान मुलीने यशोदेला आज्जी म्हणून मिठी मारली. माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. यशोदा संध्याकाळी भांडी घासताना काहीतरी गुणगुणत होती. मी तिला म्हटलंदेखील, की बघ, केवढा उपद्रव. ती गुणगुणायची थांबली.

वाडीतल्या लोकांनी मला सल्लेही भरपूर दिले. अडचण अशी की सल्लासुद्धा नाकारता येत नव्हता. धोंडू म्हणाला, मौन धरा. मी धरलं. तेव्हा लोकांनी मागायचं आणि मी गप्प राहिलो की 'व्हय म्हणतत' असं परस्पर ठरवायचं सुरू केलं. त्यात बोलण्याचे श्रम वाचले एवढंच. नर्मदा म्हणाली, आंबोलीला जा, तिथे तुम्हाला कोण ओळखतो. मी एसटीने आंबोलीला गेलो. धबधब्याजवळ एका टपरीवाल्याकडे चहा मागितला तर तो म्हणाला, काका, जरा टपरी बघाल का, गावात जाऊन येतो. आता तिथे दाजी नव्हता, मानकरी नव्हते. पण देव आंबोलीला बघत नसेल असं कशावरून? मी संध्याकाळपर्यंत भजी तळली. शेवटच्या गाडीने घरी आलो तेव्हा अंगाला असा वास येत होता की कोंबड्यानेसुद्धा वाट सोडली.

त्या संध्याकाळी यशोदेने मला पाणी दिलं आणि समोर बसली. सहसा ती बसत नाही. पदराशी चाळा करत म्हणाली, "माका तुमका एक विचारूचा होता."

मी म्हटलं, अगो विचार की, मला नाही म्हणता येतंय कुठे.

"म्हणानच विचारणंय नाय," ती म्हणाली. "धोंडूच्या शिडीक गावलेलो व्हय माका नको. देवान सोडल्यान काय मगे विचारतलंय."

आणि ती आत निघून गेली.

आता मला सांगा, माणसाला झोप कशी लागावी. लग्न झाल्यापासून यशोदेने मला काय काय विचारलं ते मी आठवायला बसलो. मीठ आणलंत का, छत्री घेतलीत का, डबा परत आणलात का. तिच्या स्वतःसाठी असं काही विचारलेलं आठवेना. एकदा, फार वर्षांपूर्वी, पडवीबद्दल काहीतरी म्हणाली होती आणि मी 'बघू' म्हटलं होतं. काय ते मात्र डोक्यातून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी खूप खोदून विचारलं. लाडीगोडी लावली. रागावून बघितलं. एक नाही की दोन नाही. जगातले सगळे तत्त्वज्ञ मिळून जे प्रश्न विचारतात त्यांच्यापेक्षा माझ्या बायकोने न विचारलेला प्रश्न मला छळायला लागला. मला सुटायचं होतं. शिडीसाठी नाही, खुर्चीसाठीही नाही. ती काय विचारणार आहे ते मला ऐकायचं होतं.

मी दाजीकडे गेलो. तो म्हणाला, गाऱ्हाणं मागे घेता येत नाही, फार तर देवाला कौल लावून विचारता येईल. कौल म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो आणि प्रश्न घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पण कौलाला सगळे मानकरी हजर लागतात आणि त्यातले एक मुंबईत, लेकीच्या बाळंतपणाला गेलेले. ते आले तर शिवा गुरवाला सुतक लागलं. सुतक फिटलं तर दोन मानकऱ्यांत पालखीच्या मानावरून अबोला आणि ते एकमेकांच्या शेजारी उभे राहीनात. मी एकाही ठिकाणी चिडलो नाही. उलट मला आदर वाटला. इतकं शिस्तीचं कार्यालय मी माझ्या नोकरीत बघितलं नव्हतं.

शेवटी एका बुधवारी सगळे जमले. पाकळ्या लावल्या. दाजीने प्रश्न घातला. दोन्ही पाकळ्या चिकटून राहिल्या, कुठलीच पडेना. माणसं चुळबूळ करायला लागली. मी हात जोडून स्वस्थ उभा होतो, कारण प्रलंबित म्हणजे काय ते तिथे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. बऱ्याच वेळाने डावी पडली. मग गुरवाने देवाला खोदून विचारायला घेतलं. काय चुकलं? माणसाची चूक? डावी. नवसाची बाकी? डावी. राखणदाराचा कोंबडा उपाशी? डावी, आणि ते बरोबरच होतं, तो माझ्यापेक्षा बरा जेवत होता. मग शिवाने विचारलं, गावाने 'व्हय' म्हणून बांधलं ते गावानेच सोडायला हवं काय? उजवी पाकळी टपकन पडली.

म्हणजे ज्यांनी शिक्का मारला त्या सगळ्यांनी एकत्र येऊन तो काढायचा. मी मागे वळून गावाकडे बघितलं. गाव वर छताकडे बघत होता. धोंडूने अजून शिडी परत केली नव्हती. नर्मदेचा कोंबडा शिमग्यापर्यंत होता. दाजीला वैशाखात नातवाच्या लग्नाला तांदूळ निवडायला माणूस हवा होता. एकेकाने सांगितलं, की भाऊसाहेब, बघू. आमच्या गावाला इतकं शुद्ध कचेरीतलं 'बघू' येतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

मी घरी आलो. यशोदेने पान वाढलं. त्या दिवशी माझ्या ताटात माशाचा एक तुकडा जास्त पडला.

मला सोडवलं ते माझ्याच 'होय'ने. झालं असं, की धोंडू आणि नर्मदा यांच्या हद्दीवर एक माड आहे. त्याचे नारळ कोणाचे, यावर त्यांचे आजोबा भांडले, बाप भांडले आणि आता हे भांडत होते. त्याचा पंचनामा करायला कचेरीतून अधिकारी आले. एकेकाळी माझ्याच हाताखाली शिकलेले गृहस्थ. साक्षीदार म्हणून दोघांनीही मलाच पुढे केलं, कारण मी नाही म्हणणार नाही याची दोघांनाही खात्री. अधिकाऱ्यांनी विचारलं, "भाऊसाहेब, हा माड धोंडूच्या हद्दीत आहे?" मी म्हटलं, होय. धोंडूची छाती फुगली. मग नर्मदा पुढे होऊन म्हणाली, विचारा, माझ्या हद्दीत आहे काय म्हणून. त्यांनी विचारलं. मी म्हटलं, होय. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊसाहेब, असं कसं लिहू?" मी म्हटलं, लिहा. पंचनामा खुलाशासाठी वर गेला. तो तिथेच असणार. मी त्या टेबलाला ओळखतो. त्या दिवशी धोंडू आणि नर्मदा जन्मात पहिल्यांदा एका बाजूला झाले, माझ्या विरुद्ध.

त्यातून गाव सावरतोय तोच दशावतार आला. आमच्या गावातल्या हौशी मंडळींचा दरवर्षी एक प्रयोग असतो, संध्याकाळी, देवळासमोरच्या मोकळ्या मांडावर. त्या वर्षी राक्षस करणाऱ्याचा घसा बसला आणि मंडळी माझ्याकडे आली. मी होय म्हटलं हे सांगायला नकोच. मला हिरवा रंग फासला, मिशा लावल्या, वज्रासुर म्हणून उभा केला. राजाचं काम धोंडूचं. महिनाभर तो माडांच्या मधून लाकडी तलवार फिरवत तालीम करत होता, कारण शेवटचं युद्ध ही त्याची हौस. दशावतारात संवाद पाठ नसतात, नट जागच्या जागी बोलतात. पण एवढं ठरलेलं होतं की राजाने शरण येतोस काय विचारायचं आणि मी 'त्रिवार नाही' म्हणून गर्जना करायची.

समोर पहिल्या रांगेत सगळे मानकरी. मध्ये दाजी, मांडीवर हात ठेवून. त्यांच्या मागे देवळाचा दरवाजा सताड उघडा आणि आत समईच्या उजेडात साक्षात रवळनाथ. देवासमोर दिलेला शब्द देवासमोरच मोडायचा, तोही हिरव्या तोंडाने?

"बोल दैत्या," धोंडू कडाडला, "शरण येतोस काय?"

मी म्हटलं, "होय."

मृदुंगवाल्याचा हात हवेत राहिला. धोंडू गडी हुशार, त्याने लगेच सावरून घेतलं आणि विचारलं, म्हणजे युद्धाला उभा राहतोस तर? मी म्हटलं, होय. मृदुंग सुरू झाला, झांज वाजली, धोंडूने तलवार उपसून दोन गिरक्या घेतल्या, आणि त्या भरात सवयीने म्हणाला की अजून वेळ गेलेली नाही, मुकाट्याने शरण ये. मी म्हटलं, होय. मृदुंग परत थांबला. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला राजाने घायकुतीला येऊन विचारलं, मग मरतोस तरी काय, आणि मी होय म्हणून जागच्या जागी मेलो. एवढं मोठं आख्यान पाव तासात संपलं. नारदाने अजून वीणासुद्धा हातात घेतली नव्हती. तो रडकुंडीला येऊन विचारत होता, मी आता कोणामध्ये भांडणं लावू?

मेल्या जागेवरून मला एकच आवाज ओळखू आला. बायकांच्या बाजूला यशोदा हसत होती, पदर तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ती इतकी हसलेली मी कधी पाहिली होती ते आठवेना. हिरव्या रंगाखाली माझी अब्रू गेली होती हे खरं, पण मी आणखी थोडा वेळ तसाच मेलेला राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव माझ्या दारात. पुढे धोंडू, रात्रभर न झोपलेला. त्याचं म्हणणं, राक्षसाला नाही म्हणता येत नसेल तर राजाने करायचं काय. नर्मदा म्हणाली, तुमच्या 'व्हय'ला भाव राहिला नाही, तुम्ही कुत्र्यालाही तेच सांगाल. इतके दिवस बघू-बघू म्हणणारी माणसं मला जवळजवळ उचलूनच देवळात घेऊन गेली. अबोला धरलेले दोन मानकरी माझ्या दोन बाजूंना, माझा एकेक दंड धरून.

दाजी उभा राहिला. "बा देवा रवळनाथा, आम्ही बांधला ता आम्हीच सोडतो. ह्येका 'नाय' म्हणाक मोकळीक दी. ह्येच्या 'व्हय'चो आमका काय उपेग नाय, रे महाराजा."

"व्हय महाराजा."

सप्ताहाच्या दिवशीपेक्षाही जोरात. उजवी पाकळी गुरवाचा हात बाजूला होण्याआधी पडली. माझ्या मते देवालाही या प्रकरणाचा कंटाळा आला होता.

देवळाच्या पायरीवर धोंडूने सवयीने कोयता मागितला. मी म्हटलं, नाही. काय सांगू, तोंडात गूळ विरघळावा तसा तो शब्द विरघळला. धोंडूलाही बरं वाटलेलं दिसलं. दुपारी त्याने शिडी आणून दिली, जाळी उचलली आणि आरामखुर्ची पूर्वीच्या जागी, खाडीकडे तोंड करून ठेवली. शिमगा झाला होता, त्यामुळे कोंबडाही राखणदाराकडे रुजू झालेला. मी खुर्चीत टेकलो. खाडीवरून वारा येत होता. ग्रीक, जर्मन आणि आपले, सगळे एका मताने म्हणाले असते की यालाच चांगलं आयुष्य म्हणतात.

यशोदा बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. मला बोलायची भीती वाटत होती, खरंच सांगतो.

"आतल्या दोन खोल्ये साफ करून," ती म्हणाली, "आणि पडवीत बाकडी घालून पाव्हण्यांका जेवाक-ऱ्हवाक देवया काय? रांधतलंय मी. ती पुण्याची माणसा इली तेव्हा माका किती बरा वाटला ता तुमका नाय कळूचा. आदी एकदा विचारलेलंय, तेव्हा तुम्ही बघू म्हटलास." तिने पदराला चिकटलेला सोलाचा एक तुकडा हातात घेतला. "तुमका शांतता होयी, ता माका म्हायती आसा. नको असात तर नाय म्हणा. आता तुमका दोनय म्हणाक येतत."

माझ्या जिभेवर बत्तीस वर्षांचा साठा तयार होता. परवाना लागेल. पाणी पुरणार नाही. लोक काय म्हणतील. विहिरीचा पंप जुना आहे. बघू. पावसाळा संपल्यावर बघू. एकाहून एक सरस, नुसतं तोंड उघडायचा अवकाश. खुर्ची पाठीला छान बसली होती आणि खाडीत एक होडी सावकाश चालली होती. मी यशोदेकडे बघितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, हातातला सोलाचा तुकडा उलटसुलट करत होती. इतकी वर्षं माझ्या टेबलासमोर माणसं अशीच उभी राहत, पण ती माझी बायको नव्हती.

मी उठून उभा राहिलो. आजूबाजूला कोणी नव्हतं, दाजी नव्हता, मानकरी नव्हते, मागून शिक्का मारायला गाव नव्हता. हात जोडून, एकट्यानेच, पण चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं,

"व्हय महाराजा."

ती हसली. मग डोळे पुसले, उठली, कमरेला पदर खोचला आणि पडवी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने मोजून घेतली.

"मगे ती खुर्ची आदी थंयसून काढा," ती म्हणाली. "थंय पयला बाकडा येतला."